चिठ्ठ्या वेगळ्या, गुंगी एकच

माझ्या आईला गेल्या वर्षी चालू असलेल्या औषधांपैकी एकेक औषध सुटे काढून पाहिले, तर त्यावर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नव्हते. वडील गेल्यानंतर तिची झोप उडाली म्हणून घरच्या डॉक्टरांनी रात्री क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली होती आणि ती पुढे काही वर्षे तशीच चालू राहिली. जेवणानंतर पोटात कळ येते, गुबारा धरतो म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायची एक गोळी लिहिली होती. नागीण होऊन गेल्यावर बरगडीखालची आग महिनोन्महिने थांबेना, तेव्हा प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. शेवटी, हाडे ठिसूळ झाल्याने पाठीचा एक मणका दबला आणि हाडाच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल यांची जोडगोळी दिली. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या दुखण्याचा विचार नीट केला होता. या सगळ्या चिठ्ठ्या अठ्ठेचाळीस किलो वजनाच्या एकाच शरीरात जाऊन मिळून काय करतील, हे पाहण्याचे काम मात्र त्यांपैकी कोणाकडेच नव्हते.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि सातारला माझ्या भावाकडे राहते. मी पुण्यात असते. तिला रुग्णालयात न्यावे लागले तिथपासून तिची औषधे टप्प्याटप्प्याने कमी होईपर्यंत जे घडले, ते मी इथे क्रमाने लिहीत आहे. मात्रांचे जे आकडे येतील ते तिच्या वयाचे, वजनाचे आणि तिच्या मूत्रपिंडांचे आहेत. ते पाहून कोणी आपल्या घरातल्या माणसाची गोळी कमी किंवा बंद करू नये, कारण अशी औषधे एकाएकी तोडणे किती धोक्याचे असते हेही याच काळात मला कळले.

सुरुवात इतकी हळूहळू झाली की तिला सुरुवात म्हणणेही अवघड आहे. मणक्याची गोळी सुरू झाल्यानंतर आईचे दुखणे खरोखरच कमी झाले आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. मग ती दुपारी जास्त वेळ झोपू लागली. फोनवर बोलताना तिची जीभ जड वाटायची आणि एकच गोष्ट ती पुन्हा विचारायची. वहिनीच्या लक्षात आले की जेवताना घास तोंडात तसाच ठेवून तिला डुलकी लागते. रात्री बाथरूमला उठताना तिचा दोनदा तोल गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावले. सकाळी उठल्यावर डोके दुखते, अशी तिची तक्रार असायची. नातेवाइकांपैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते, की आता वय झाले, विसरायला होणारच. एका परिचितांनी स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ताही दिला. ती तपासणी झाली असती तर कदाचित पाचवी चिठ्ठी आणि आणखी एक गोळी आमच्या घरात आली असती, असे आता वाटते.

पावसाळ्यात तिला सर्दी-खोकला झाला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, जशी कोणत्याही घरात आणली जाते. दोन-तीन दिवसांनी पहाटे वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा आई उठेना. हाक मारली की डोळे किलकिले करून पुन्हा मिटायची. श्वास संथ आणि उथळ होता, मध्येच घोरणे थांबायचे आणि काही क्षणांनी दचकल्यासारखा मोठा श्वास यायचा. घरातल्या ऑक्सिमीटरवर आकडा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास होता. भावाने 108 ला फोन केला आणि तिला जवळच्या रुग्णालयात नेले. मी पोहोचेपर्यंत तिचा मेंदूचा सीटी स्कॅन होऊन गेला होता, कारण त्या वयात माणूस असा निपचित पडला की पहिली शंका पक्षाघाताची येते. स्कॅन स्वच्छ होता. रक्तातली साखर ठीक होती, सोडियम थोडे खाली होते, पण एवढी गुंगी यावी इतके नव्हते.

खरे उत्तर मनगटातल्या धमनीतून घेतलेल्या रक्ताने दिले. या तपासणीत रक्तातल्या वायूंचे प्रमाण मोजतात. त्यात आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बराच वाढलेला निघाला. श्वास उथळ झाला की हा वायू पुरेसा बाहेर पडत नाही. तो साठला की माणसाला आणखी गुंगी येते, आणि गुंगी वाढली की श्वास आणखी मंदावतो. सकाळच्या डोकेदुखीमागेही हेच असण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी ऑक्सिमीटर घेऊन बसणाऱ्या प्रत्येक घराने ऐकण्यासारखी आहे. ते बोटाला लावायचे यंत्र फक्त ऑक्सिजनचा अंदाज देते. रुग्णाला वरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा छान पंच्याण्णवच्या पुढे दिसू शकतो आणि त्याच वेळी आत कार्बन डायऑक्साइड वाढत असू शकतो. आईला म्हणूनच नुसता ऑक्सिजन न देता बायपॅपचा मास्क लावला गेला, जो प्रत्येक श्वासाला दाबाने आधार देतो.

मास्क लागल्यावर तिथल्या एमडी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावले. ‘आजींना कोणती औषधे चालू आहेत?’ असे त्यांनी विचारले आणि भावाने पाठ असल्यासारखे सांगितले, की बीपीची एक, झोपेची एक, पोटाची, नागिणीची आणि मणक्याची. डॉक्टर म्हणाले, ‘अशी नावे नकोत. घरात जेवढी पाकिटे आहेत तेवढी सगळी घेऊन या, अर्धी संपलेलीसुद्धा, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलीही.’ भाऊ घरी जाऊन स्वयंपाकघरातला गोळ्यांचा डबा, देवघराशेजारची पिशवी आणि आईच्या उशाखालची एक स्ट्रिप असे सगळे घेऊन आला.

त्या डॉक्टरांनी त्यानंतर जे केले ते मला फार मोलाचे वाटते, कारण एवढा वेळ काढणे सोपे नसते. प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटकद्रव्ये छापलेली असतात. ब्रँडचे नाव झाकून त्यांनी फक्त तो मजकूर वाचला आणि कागदावर उतरवला. आम्ही ज्याला पोटाची गोळी म्हणत होतो, तिच्यात क्लिडिनियम या आतड्यांची कळ थांबवणाऱ्या द्रव्यासोबत पाच मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड होते. हे औषध 1960 साली बाजारात आले. बेन्झोडायझेपिन या सबंध कुळातले ते पहिले, आणि क्लोनाझेपामही त्याच कुळातले. म्हणजे आईला झोपेची गोळी रात्री एक मिळत होती आणि तिच्याच गोत्रातली आणखी दोन जेवणांआधी, पोटाच्या नावाने. मणक्याच्या गोळीतले ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आहे. नागिणीच्या गोळीतली दोन्ही द्रव्ये गुंगी आणणारी आहेत. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन होते, आणि त्यानेही झापड येते. ज्या पाकिटांवर आम्ही पाच वेगवेगळ्या आजारांची नावे मनातल्या मनात लिहिली होती, त्या सगळ्यांच्या पाठीवर मेंदूला मंदावणारे काही ना काही छापलेले होते.

ही द्रव्ये एकमेकांत मिसळली की नेमके काय होते, हे मी डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सविस्तर विचारले. बेन्झोडायझेपिने मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. अफूवर्गीय औषधे वेगळ्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी औषध जाऊन बसते तिथे, काम करतात, आणि ते ग्राही मेंदूच्या देठात, जिथून श्वासाची लय ठरते त्या जागीही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास वाढवण्याची जी उपजत ओढ असते ती या औषधांनी बोथट होते. प्रीगॅबालिन तिसऱ्याच दाराने येते आणि मज्जापेशींच्या कॅल्शियमच्या वाटा आवळून त्यांचे संदेश कमी करते. रस्ते निरनिराळे असले तरी परिणाम एकाच ठिकाणी जमा होतो. त्यामुळे प्रत्येक मात्रा तिच्या मर्यादेत असूनही बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. शिवाय छातीत कफ साठलेला होताच. सर्दी-खोकल्याने आधीच दमलेल्या फुप्फुसांना जागे ठेवणारी यंत्रणा त्याच वेळी पेंगुळलेली होती.

या बेरजेत आणखी एक गोष्ट लपलेली होती, ती म्हणजे मूत्रपिंडे. आईच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून काढतात तो टाकाऊ पदार्थ, 1.2 आले होते. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याच्यापुढे जेमतेम एक खूण होती. वर्षभरापूर्वीच्या कागदावरही असाच आकडा होता आणि तो कोणाला खुपला नव्हता. पण वय, वजन आणि स्त्री असणे हे सगळे धरून हिशेब केला तेव्हा तिच्या मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती मिनिटाला एकतीस मिलिलीटरच्या आसपास निघाली. वयाबरोबर स्नायू झिजतात, स्नायूंतून तयार होणारे क्रिएटिनिन कमी होते आणि त्यामुळे म्हाताऱ्या, बारीक माणसाचा आकडा फसवा चांगला दिसतो. प्रीगॅबालिन जवळजवळ सगळे मूत्रपिंडांवाटेच, न बदलता बाहेर पडते. गाळण्याची गती तीस ते साठच्या दरम्यान असेल तर त्याची मात्रा निम्मी करायची असते. आई रोज दीडशे मिलिग्रॅम घेत होती, म्हणजे तिच्या शरीरासाठी ते तीनशेच्या बरोबरीचे ठरत होते. पाणी कमी पिणे, तापात जेवण सुटणे यांनी त्या दिवसांत त्यात भरच पडली असणार.

‘झोपेची गोळी तर फक्त रात्री एकच’ या आमच्या समजुतीतही अर्थ नव्हता. क्लोनाझेपामचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण तीस ते चाळीस तास लागतात. रोज रात्री गोळी घेणाऱ्याच्या अंगात आदल्या आणि त्याच्याही आदल्या रात्रीचा अंश शिल्लक असतोच. क्लोरडायझेपॉक्साइडचे यकृतात जे रूपांतर होते ते तर वृद्धांमध्ये कित्येक दिवस रेंगाळते. आईच्या बाबतीत दिवसाचा असा एकही तास नव्हता, ज्या वेळी तिच्या रक्तात या कुळातले औषध नव्हते. पुढे मात्रा कमी करताना डॉक्टरांनी दोन्हींचे रूपांतर डायझेपामच्या मापात करून दाखवले. निरनिराळ्या कोष्टकांत थोडाफार फरक असतो, पण ढोबळमानाने क्लोनाझेपामचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे डायझेपामचे दहा मिलिग्रॅम आणि पोटाच्या गोळ्यांतून मिळणारे त्यावर आणखी चार. हे माप ऐकून भाऊ गप्प झाला, कारण अर्धा मिलिग्रॅम हा आकडाच इतका किरकोळ वाटतो की त्याची भीती बाळगावी असे कोणालाही वाटत नाही.

डॉक्टरांनी दारूबद्दल विचारले तेव्हा वहिनीला हसू आले. मग त्यांनी आसव-अरिष्टांबद्दल विचारले आणि हसू थांबले, कारण भूक लागावी म्हणून आई रोज दोन्ही वेळा द्राक्षासव घेत होती. आसवे आणि अरिष्टे आंबवून करतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते. चमचा-दोन चमच्यांनी बिघडले नसते, पण आईचा चमचा म्हणजे वाटीच होती. जी बाई आयुष्यात दारूच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावत आली, तिच्या औषधांच्या यादीत अल्कोहोलही लिहिले गेले. तेही गुंगीच्याच रकान्यात.

उपचाराच्या बाबतीत आमची अपेक्षा होती की यावर काहीतरी उतारा असेल आणि तो टोचला की आई जागी होईल. अफूवर्गीय औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण ट्रॅमाडॉलवर तो अंशतःच चालतो आणि बेन्झोडायझेपिनवर मुळीच नाही. बेन्झोडायझेपिनचा उतारा फ्लुमाझेनिल; परंतु वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्याला तो दिला तर झटके येऊ शकतात. ट्रॅमाडॉल आणि नॉरट्रिप्टिलिन ही दोन्ही औषधे झटक्यांची शक्यता आधीच वाढवतात. म्हणून तिच्या श्वासाला यंत्राचा आधार देऊन, शरीराला औषधे बाहेर टाकायला वेळ देणे हाच मार्ग निवडला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने मास्कमधून काहीतरी पुटपुटत माझा हात ओढला आणि मास्क काढल्यावर विचारले, ‘अगं, तू कधी आलीस? जेवलीस का?’ त्या वाक्यात तिची जीभ कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हलकी वाटली.

यानंतरचा भाग लांबला आणि माझ्या दृष्टीने खरे शिक्षण त्यात झाले. रागाच्या भरात मी म्हणाले होते की या सगळ्या गोळ्या आजच कचऱ्यात टाकू. डॉक्टरांनी ठाम शब्दांत थांबवले. जुन्या बेन्झोडायझेपिनची सवय झालेला मेंदू ती एकदम काढली की उसळतो. थरथर, घाम, भ्रम आणि क्वचित झटकेही येतात, आणि वृद्धांत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. प्रीगॅबालिन आणि ट्रॅमाडॉलही एका दिवसात तोडायची नसतात. म्हणून काय आधी आणि काय नंतर, याचा एक क्रम ठरला. सर्दीची गोळी आणि आसव त्याच दिवशी थांबले. रुग्णालयात असतानाच प्रीगॅबालिनची मात्रा मूत्रपिंडांच्या गतीप्रमाणे निम्म्यावर आली आणि ते सकाळी न देता फक्त रात्री द्यायचे ठरले. जोडगोळी वापरली की एक द्रव्य कमी करताना दुसरे अडचणीचे होते, त्यामुळे प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन सुटी करून घेतली. ट्रॅमाडॉल काही दिवसांत कमी करत बंद झाले आणि त्याच्या जागी वेळेवर, नियमित, मर्यादेत घेतलेले नुसते पॅरासिटामॉल, पाठीला पट्टा आणि फिजिओथेरपी आली. दुखेल तेव्हा गोळी घेण्यापेक्षा ठरलेल्या वेळी घेतलेल्या साध्या पॅरासिटामॉलने तिला बरे वाटू लागले, याचे आम्हाला आश्चर्य वाटले.

पोटाच्या गोळीचा निकाल लावणे कठीण गेले, कारण आईचा तिच्यावर जीव होता. ‘तेवढी एक गोळी मला मानवते, बाकी काय हवे ते काढा,’ असे ती म्हणायची. मानवत होती हे खरेच, कारण तिने मन शांत व्हायचे. पण क्लिडिनियम, नॉरट्रिप्टिलिन आणि क्लोरफेनिरामिन या तिघांचा आणखी एक समान गुण असतो. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी अडखळणे आणि वृद्धांत गोंधळलेपण, हे सगळे त्यातून येते. बद्धकोष्ठामुळे पोट फुगायचे आणि पोट फुगले की ही गोळी घेतली जायची, असे ते चक्र होते. दुपारची गोळी आधी गेली, मग रात्रीची. त्यातले क्लोरडायझेपॉक्साइड शरीरातून सावकाश जात असल्याने हा टप्पा तुलनेने सुखरूप पार पडला. पोट साफ होऊ लागल्यावर तिची तक्रार निम्म्याहून कमी झाली.

क्लोनाझेपाम सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश. एका वेळी एकच औषध हलवायचे, हा डॉक्टरांचा नियम होता, कारण दोन एकदम कमी केली आणि त्रास झाला तर तो कशाचा हे कळत नाही. अर्ध्या मिलिग्रॅमवरून खाली येताना प्रत्येक पायरीनंतर काही आठवडे थांबायचे, ती पायरी अंगवळणी पडली तरच पुढची उतरायची आणि त्रास झाला तर तिथेच थांबायचे पण परत वर जायचे नाही. पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्याहून लहान भाग करायला पिल कटर वापरला. दुसऱ्या पायरीवर आईला चार-पाच रात्री नीट झोप लागली नाही, हात थरथरले, जिवाची घालमेल झाली आणि ती म्हणाली, ‘बघ, माझी झोप गेलीच ना?’ ही जुनी निद्रानाशाची व्याधी परत आलेली नसून बहुतेक करून औषध कमी झाल्याची प्रतिक्रिया आहे आणि ती ओसरेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेले नसते तर आम्ही त्या रात्री नक्कीच पुन्हा अख्खी गोळी दिली असती. सोबत झोपेचेही वळण लावले गेले. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, चार वाजल्यानंतरचा चहा बंद केला, रात्री आठला अंथरुणावर जाऊन बारापर्यंत कूस बदलत पडण्याऐवजी साडेदहाला आडवे व्हायचे आणि झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सात-आठ तास सलग झोप लागलीच पाहिजे हा हट्ट सोडणे हे यातले अर्धे काम होते.

या काळात मी एकेका डॉक्टरांना भेटून नवी यादी दिली. हाडाच्या डॉक्टरांनी यादी वाचली, क्लोनाझेपामच्या नावाखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, ‘हे मला माहीत असते तर ट्रॅमाडॉल लिहिलेच नसते.’ ते खरे बोलत होते. आईच्या फाइलमध्ये त्यांच्याकडचे कागद तेवढे होते. पोटाच्या डॉक्टरांना यादी फारशी रुचली नाही, एवढे नोंदवून पुढे जाते. आपल्याकडे रुग्ण थेट त्या त्या अवयवाच्या डॉक्टरकडे जातो, प्रत्येक ठिकाणी वेगळा केस पेपर निघतो, औषधे तीन वेगळ्या मेडिकलमधून येतात आणि या सगळ्यांना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे घरातला तो प्लास्टिकचा डबा.

मेडिकल दुकानदाराला या साखळीत एक स्थान कायद्याने दिलेले आहे, हे मला नंतर समजले. 2014 च्या मार्चपासून लागू असलेल्या एच-वन या अनुसूचीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम, कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे आहेत. ती विकताना रुग्णाचे, डॉक्टरांचे आणि औषधाचे नाव व प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. 2018 साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. हे सगळे गैरवापर रोखण्यासाठी आहे आणि ते योग्यच आहे, पण जुन्या चिठ्ठीवर किंवा नुसती रिकामी स्ट्रिप दाखवून गोळ्या मिळतात हे आपण सगळे जाणतो. आणि वही नीट ठेवली तरी ती एका दुकानातली. शेजारच्या दुकानातून काय नेले ते तिच्यात दिसत नाही.

झोपेची गोळी आणि ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक ही जोडी धोक्याची आहे ही माहिती मुळीच नवी नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने 2016 च्या ऑगस्टमध्ये अफूवर्गीय औषधे आणि बेन्झोडायझेपिने या दोन्हींच्या माहितीपत्रकांवर, एकत्र घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो, असा चौकटीतला सर्वोच्च दर्जाचा इशारा बंधनकारक केला. जवळजवळ चारशे उत्पादनांना तो लागू झाला. 2019 च्या डिसेंबरमध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनबद्दल, विशेषतः वृद्ध, फुप्फुसांचे विकार असलेले आणि सोबत इतर गुंगीची औषधे घेणारे यांच्यासाठी, श्वास मंदावण्याबाबत सावधगिरीचा इशारा आला. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची बिअर्स निकष नावाची यादी 1991 पासून आहे आणि मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधे एकत्र देऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आईची बेरीज त्याहून बरीच वर जात होती.

रुग्णालयाच्या सल्ल्याने आम्ही हा प्रसंग भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे कळवला. औषधाचा दुष्परिणाम फक्त डॉक्टरांनीच कळवायचा असतो असा माझा समज होता. रुग्ण किंवा नातेवाईकही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर तो कळवू शकतात. पलीकडच्या व्यक्तीने प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख विचारली, आणि यादी हाताशी होती म्हणून सगळे सांगता आले.

ती यादी आता वहिनीच्या फोनमध्ये, आईच्या पर्समध्ये आणि फ्रिजच्या दारावर आहे. तिच्यात ब्रँडच्या आधी मूळ नाव लिहिलेले असते, ते औषध कोणी आणि कशासाठी दिले हे असते, आणि वर क्रिएटिनिनचा ताजा आकडा व वजन. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांकडे जावे लागले तेव्हा त्यांनी दुखण्यासाठी काहीतरी लिहायला घेतले, यादी पाहिली, थांबले आणि दात काढल्यावर फक्त पॅरासिटामॉल चालेल का असे एमडी डॉक्टरांना फोन करून विचारले. सर्दी झाली तर मेडिकलमधून काही न आणता वाफ घ्यायची आणि खोकला वाढला तर डॉक्टरांना दाखवायचे, असे घरात ठरले आहे.

आई आता काठीने अंगणात फेऱ्या मारते आणि फोनवर मला माझ्याच विसराळूपणावरून बोलते. नागिणीची जागा अजून रात्री कधी कधी आग धरते. त्यासाठी तिथे लावायचे लिडोकेनचे मलम आणि रात्रीचे थोडे प्रीगॅबालिन चालू आहे. नॉरट्रिप्टिलिन थांबले आहे. क्लोनाझेपाम अर्ध्या मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्श्यावर येऊन थांबले असून तो शेवटचा तुकडा काढण्याची आईची तयारी नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की तिचा श्वास, तोल आणि स्मरण ठीक आहे, ट्रॅमाडॉल गेलेले आहे, तर घाई करण्याचे कारण नाही. पुढच्या तपासणीत तिच्याशीच बोलून ठरवू.